नवा नंबर, जुना घोडा : दीड महिना वापरून लिहिलेला रिव्ह्यू

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, कुलरचा लिहितात. मी नव्या मोबाइल नंबरचा लिहितोय. नंबर बदलल्यावर स्पॅम कॉल खरंच थांबतात का, हे घ्यायच्या आधी मी दहा जणांना विचारलं. "बदलून टाक" असं सगळ्यांनी सांगितलं, पण त्यांच्यातल्या एकानेही स्वतःचा बदललेला नव्हता.

आधी माझं काम सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार नव्याने भरायचं, दुकान आहे. शेतीच्या मोटारी, मोनोब्लॉक, सबमर्सिबल, स्टार्टर. २००९ पासून एकच नंबर. तो दुकानाच्या पाटीवर आहे, तसा तो कुणाच्याही असतो. पण रिपेअर केलेली मोटार बसवली, लाईट आली, पाइपाला पाणी पडलं, की निघायच्या आधी स्टार्टरच्या पेटीवर ब्रशने नंबर टाकायचा, ही माझ्या उस्तादांची शिकवण. लाल ऑइल पेंट, तोही दोन हात. लासूर, हातेड, गलंगी, चहार्डी, अडावद, धानोरा, जिथे जिथे मी विहिरीत उतरलो तिथे तिथे माझा नंबर उभा आहे. उनपदेवच्या रस्त्याला एका मळ्यात पेटीवर जागाच नव्हती, म्हणून निंबाच्या खोडावर लिहिला. झाड वाढलं तसे आकडे रुंदावले, पण अजून वाचता येतात.

पेटीवर वाचून फोन करणारा माणूस माझ्या फोनमध्ये सेव्ह नसतो. कधी शेतकऱ्याचा मुलगा लावतो, कधी सालदार, कधी शेजारच्या मळ्यातला कुणीतरी. म्हणजे अनोळखी नंबर हेच माझं गिऱ्हाईक. "अनोळखी कॉल म्यूट करा" ही सोय बऱ्याच फोनमध्ये असते, पोरीने मला ती लगेच दाखवली. ती सोय नोकरदार माणसासाठी चांगली आहे. मी ती चालू केली तर संध्याकाळी दुकानाला कुलूपच लावावं लागेल.

मागच्या दिवाळीनंतर मात्र हद्द झाली. सकाळी नऊला पर्सनल लोन, साडेनऊला क्रेडिट कार्ड, मग शेअरच्या टिपा, मग पुण्याजवळचा प्लॉट, मग पोरगी बारावीला आहे हे कुठून तरी कळलेले क्लासवाले. हात वार्निशने भरलेले, कॉइल अर्धी घातलेली, आणि फोन वाजला की हात पुसून धावायचं. पलीकडून बाई मंजुळ आवाजात विचारते, "सर, दोन मिनिट बात कर सकते हैं?" एकदा वीज बिल थकलंय, आज रात्री लाईट कापणार, असं सांगणारा भेटला. मी विचारलं, "कोणत्या फीडरवरून?" तो म्हणाला, "मेन ऑफिस से." मी म्हटलं, बाबा, लाईट ऑफिसमधून नाही, डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून कापतात. त्याने फोन ठेवला. धंद्यातला माणूस भेटला की असल्यांची पंचाईत होते.

हसण्यावारी नेत होतो, पण शिवरात्रीच्या आसपास एक गोष्ट घडली. वैतागून मी आठवडाभर दहा आकडी अनोळखी फोन उचलणं सोडलं होतं. चहार्डीच्या एका आबांची मोटार त्याच आठवड्यात जळाली. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. आबांनी नातवाच्या फोनवरून तीनदा लावला, मी तीनदा कापला. कांदेबाग केळी, वरून ऊन तापायला लागलेलं, आठ तासांची थ्री फेज लाईन, त्यात मोटार बंद. आबांनी दुसऱ्याला बोलावलं. नंतर बाजारात भेटले तेव्हा रागावले नाहीत, हसून म्हणाले, "तू ते आते साहेब व्हई गया, फोनच उचलस नही." ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, एकतर नंबर बदला, नाहीतर तो फोन विहिरीत टाका." दोस्त म्हणाला पोर्ट करून घे. हे पोर्टवालं खूप जणांच्या डोक्यात आहे, म्हणून सांगतो. जानेवारी २०११ पासून देशभर पोर्टिंग सुरू झालं, ते नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्यासाठी. नंबर तोच म्हटल्यावर तुमच्या मागे लागलेले लोकही तेच. त्याचा इथे काही उपयोग नाही.

होळी झाल्यावर बसस्टँडजवळच्या एका दुकानातून नवं सिम घेतलं. जुनं बंद केलं नाही, दुसऱ्या खाचेत नवं टाकलं. म्हटलं दीड महिना दोन्ही चालवू, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिशोब करू. दुकानदाराने नंबरांची यादी पुढे केली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हा घ्या भाऊ, एकदम कोरा आहे." आधारवर अंगठा, फोटो, दहा मिनिटांत काम. सिमचे वेगळे पैसे नाहीत, पहिला रिचार्ज करावा लागला. दुसऱ्या सिमला नेट नको असेल तर फक्त कॉल-मेसेजचा पॅक मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, तसे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. दुकानदार आपणहून दाखवत नाही, विचारावं लागतं.

पहिले तीन दिवस स्वर्ग. नवा नंबर फक्त घरी आणि चार जवळच्यांना दिलेला. तो वाजलाच नाही. मी दुपारी दुकानात बसलो तर पंख्याचं बुश वाजतंय हे मला कळलं, दोन वर्षं वाजत असणार. तेव्हा लिहिला असता तर ह्या रिव्ह्यूला पाच तारे पडले असते.

चौथ्या दिवशी फोन आला. अनोळखी नंबर, पण भाषा आपली.

"भाऊ, घोडा मोकळा आहे का?"

बोअरमधून मोटार वर ओढायला तीन पायांची लोखंडी तिवई लागते, तिला आम्ही घोडा म्हणतो. माझा घोडा त्या दिवशी दुकानामागेच होता. नंबर कुणीतरी दिला असेल असं मला वाटलं.

"आहे की. कुठे आणायचा?"

"चुंचाळ्याला."

"किती फूट आहे?"

पलीकडे जरा शांतता. "फूट नाही सांगता येणार. पण उंच आणा, नवरदेव चांगला उंचपुरा आहे."

हे मला नीट ऐकूच आलं नाही, बाहेर ट्रॅक्टर चालला होता. मी आपला पुढे, "चेन-पुली लागेल ना? तिचे वेगळे पडतील."

"काय भाऊ," तो माणूस दुखावल्या आवाजात म्हणाला, "नवरदेव इतका पण जाड नाही."

मग उलगडा झाला. ज्याला दुकानदार कोरा नंबर म्हणाला, तो आधी लग्नात घोडा भाड्याने देणाऱ्या कुणाचा तरी होता. पुढे लग्नसराई. मारुतीच्या पाया पडायला नवरदेव घोड्यावर जातो, आणि टाळी, म्हणजे लग्न लागायची वेळ, दुपारी बारा पस्तीसची असली तरी घोड्याची आठवण घरच्यांना आदल्या रात्री अकराला होते. घोडा पांढराच आहे ना, बँड वाजल्यावर बुजत तर नाही ना, नवरदेव पहिल्यांदाच बसतोय, लगाम तुमचा माणूस धरेल ना. एकाने विचारलं, सारंगखेड्याच्या बाजारातला आहे का. मी सरळ हो म्हणून टाकलं, आता काय.

हे एवढंच असतं तर मी चालवून घेतलं असतं. घोडा मागणारा माणूस आनंदात असतो, त्याच्याशी बोलायला वाईट वाटत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात वसुलीवाले सुरू झाले. घोडेवाल्याने कर्ज काढलेलं आणि हप्ते थकलेले. मी म्हटलं, मी तो नाही, नंबर आता माझ्या नावावर आहे. "सब यही बोलते हैं," तो म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं म्हणा, सगळे तेच म्हणत असतील. एक जण रात्री साडेआठला चढ्या आवाजात बोलला. मी त्याला सांगितलं, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही. हे मला कॉलेजातल्या पोरीने शोधून दिलेलं. तो दोन सेकंद गप्प झाला आणि म्हणाला, "घोडेवाले होके इतना कैसे मालूम?"

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त लागली. एका सकाळी बँकेचा मेसेज आला. त्याच्या खात्यातून काहीतरी कापलं गेलं होतं आणि शिल्लक होती ३१२ रुपये. ज्याचं मी तोंड पाहिलेलं नाही अशा माणसाचा गल्ला माझ्यासमोर उघडा. मेसेज पुसला, तरी दिवसभर तो आकडा डोक्यात राहिला.

हे कसं होतं ते मग मी समजून घेतलं. कंपन्या बंद पडलेला नंबर फेकून देत नाहीत. किमान नव्वद दिवस बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्याला देतात. २०२३ मध्ये हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, तिथेही नव्वद दिवसांचीच गोष्ट झाली. जुना नंबर सोडताना बँक, व्हॉट्सअॅप सगळीकडून आपलं नाव काढून घेणं ही आपली जबाबदारी. बंद झालेल्या नंबरांची एक यादी सरकार ठेवतं आणि एप्रिल २०२५ पासून यूपीआयवाल्यांना ती पाहून दर आठवड्याला आपली वही सुधारायची आहे. चांगलं आहे. पण गावच्या सोसायटीत, शाळेच्या रजिस्टरमध्ये आणि नवरीच्या मामाच्या फोनमध्ये जो नंबर आहे, तो कुठली यादी सुधारणार?

आणि हाच हिशोब मी उलटा लावून पाहिला. समजा मी माझा २००९ चा नंबर सोडला. नव्वद दिवसांनी तो पुण्याच्या एखाद्या पोराला मिळेल. रात्रीची पाळी असेल, तीन वाजता लाईन येईल, हातेडच्या बरडीवर कुणीतरी बॅटरीच्या उजेडात पेटी वाचेल आणि त्या पोराला झोपेतून उठवून म्हणेल, "भाऊ, मोटार जयी गयी, कव्हय येस?" म्हणजे मोटार जळाली, कधी येतोस. पोरगा त्याला स्पॅम म्हणून ब्लॉक करेल.

नंबर कुठे कुठे अडकलाय, हे बायकोने एका संध्याकाळी चुलीपुढे बसून मोजलं. कळण्याच्या भाकरी थापता थापता ती नावं घेत गेली आणि पोरीने कॅलेंडरच्या मागे लिहिली. बँका दोन. आधार. गॅस. रेशनचं केवायसी. पीएम किसान. फार्मर आयडी. लाडक्या बहिणीचा फॉर्म तिचा, पण नंबर माझा. पोरीचं सीईटीचं लॉगिन. गाडीचा फास्टॅग. दुकानातला तो डबा, जो "प्राप्त हुए" म्हणून ओरडतो. जीएसटी. वीज बिल. एलआयसी. सासऱ्यांची पेन्शन, कारण त्यांना मेसेज वाचता येत नाहीत म्हणून तिथेही माझाच. एकवीसवर पोरीने लिहिणं थांबवलं. फक्त आधारवर बदलायचा म्हटलं तरी तेव्हा केंद्रावर जाऊन फी भरायची आणि रांगेत उभं राहायचं, आणि ते नाही झालं तर पुढची निम्मी नावं हलत नाहीत, कारण ओटीपी आधारच्याच नंबरावर येतो. हंगामात माझा एक दिवस म्हणजे दोन मोटारी.

आता १९०९ बद्दल, म्हणजे जाहिरातीचे फोन बंद करायच्या नंबराबद्दल, कारण खरा फायदा तिथे झाला. पण तिथे मी माझ्या नंबरमुळे पोचलो नाही, एका भुतामुळे पोचलो.

लासूरच्या बाजूला एक नाना आहेत. त्यांच्या विहिरीवर मी मोबाइल स्टार्टर बसवलेला. त्यात सिम असतं, घरबसल्या फोन लावला की मोटार चालू. फाल्गुनात त्यांची मोटार आपोआप चालू व्हायला लागली. विहिरीला तेव्हा पाणी कमी, मोटार कोरडी फिरायची. एकदा जळाली, मी भरून दिली, आठ दिवसांत पुन्हा तेच. नानांच्या घरी म्हणायला लागले, मळ्यात बाहेरचं काहीतरी आहे. पेटीला लिंबू-मिरची बांधली. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सकाळी निंबाखाली बसून फक्त पेटीकडे बघत राहिलो. अकराच्या सुमारास टक झालं आणि मोटार घुमायला लागली. कुणी हात लावलेला नाही, नानांचा फोन माझ्याच खिशात.

सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं आणि थांबलो. अर्ध्या तासाने फोन वाजला. १४० ने सुरू होणारा नंबर. लोन पाहिजे का?

झालं होतं असं, की स्टार्टर स्वस्तातला, त्यात मालकाचा नंबर लॉक करायचा असतो, आणि तो मीच करायचा विसरलो होतो. कुणाचाही कॉल आला की मोटार चालू. म्हणजे दोन वेळा मोटार जाळणारा मी, आणि काडी लावणारा कुठल्या तरी शहरातला लोनवाला. नानांकडून दुसऱ्या रिपेअरचे पैसे घेतले नाहीत, ते माझ्याकडून गेले. ज्यांच्याकडे असा स्टार्टर आहे त्यांनी आजच दुसऱ्याच्या फोनवरून लावून पाहा.

तिथेच मळ्यात बसून त्या सिमवरून १९०९ ला मेसेज केला. इंग्रजीत 'स्टार्ट', जागा सोडून शून्य. म्हणजे जाहिरातीचं सगळं बंद. बँकेचे, ओटीपीचे मेसेज ह्याने अडत नाहीत, ती भीती बाळगू नका. नंतर माझ्या जुन्या नंबरावरूनही केला. १४० वाले आठवड्याभरात जवळपास संपले. ती मालिका जाहिरातवाल्यांसाठीच ठेवलेली आहे, आणि नोंदणी केलेल्या कंपन्यांना फोन नको म्हणणाऱ्यांची ही यादी पाळावी लागते. बँकांच्या कामाच्या फोनांसाठी १६०० ची मालिका ठेवली आहे, ते उचलायला हरकत नाही.

राहिले दहा आकडी साध्या नंबरावरून बोलणारे. ते १९०९ ची यादी बघत बसत नाहीत, त्यांची तक्रार करावी लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम बदलले. आता फोन आल्यापासून सात दिवसांत तक्रार करता येते, आधी तीनच दिवस होते. आणि अशा विनानोंदणी लोकांवर कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची, आधी तीस दिवस मिळायचे. पहिल्यांदा सापडला तर पंधरा दिवस त्याचे बाहेर जाणारे कॉल बंद, पुन्हा केलं तर वर्षभरासाठी सगळी कनेक्शनं तोडायची. मी रात्री जेवण झाल्यावर दिवसभराचे नंबर काढून तक्रारी टाकायचो. नऊ टाकल्या. काहींवर कारवाई झाल्याचा मेसेज आला. दोनवर उत्तर आलं की तुम्हीच संमती दिली होती. मला आधी राग आला, मग जळगावचं कृषी प्रदर्शन आठवलं. लकी ड्रॉचं कुपन. पहिलं बक्षीस ट्रॅक्टर. खाली बारीक अक्षरात काय होतं ते ट्रॅक्टरकडे बघणारा माणूस वाचत नाही. दुसरी चूक म्हणजे धंद्याच्या एका वेबसाइटवर दुकानाची फुकट नोंद केली होती. गिऱ्हाईक एक आलं नाही, लोनवाले रांगेने आले. आणि गंमत म्हणजे पेटीवरचा लाल नंबर सोळा वर्षं उघड्यावर आहे, तो वाचून आजवर एकाही लोनवाल्याने फोन केलेला नाही.

फसवणुकीचे फोन वेगळे. पैसे गेले नसतील तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून जागा आहे, तिथे कळवायचं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी दुसऱ्या दिवशी पोराला विचारून मग लावला, तोवर उशीर झाला होता. त्याच संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. माझ्या नावावर पाच निघाले. दोन माझे, एक बायकोचं, आणि दोन दोघा शेतकऱ्यांच्या स्टार्टरमध्ये बसलेली, मीच घेऊन दिलेली. म्हणजे उद्या त्या दोन मोटारींनी काही गुन्हा केला तर पोलीस माझ्याकडे.

नाव दाखवणाऱ्या अॅपबद्दल दोन शब्द लिहायलाच पाहिजेत. सगळ्यांनी सांगितलं ते टाक, स्पॅम लाल दिसतो. टाकलं, दिसतो. मग एक दिवस मी गिऱ्हाइकाच्या घरी बसलेलो, त्याच्या फोनवर माझाच नंबर लावून दाखवला, तर माझं नाव लाल. 'स्पॅम'. खाली कितीतरी लोकांनी तक्रार केल्याची नोंद. मला घाम फुटला. मी कुणाला लोन विकलं? घरी येऊन विचार केला तेव्हा उमगलं. मी उधारीसाठी फोन करतो. केळीचा गाडा गेला की देतो, कापूस विकला की देतो, असं म्हणून दोन-दोन वर्षं टोलवणारे आहेत, त्यांना मी महिन्यातून एकदा आठवण करतो. त्यांनी बोट दाबलंय. थोडक्यात, चोपडा तालुक्यातल्या काही लोकांसाठी स्पॅम कॉल म्हणजे मीच. अॅपला कळवून मी माझं नाव पुन्हा स्वच्छ करून घेतलं, पण त्या दिवसापासून लोनवाल्या बाईशी जरा नरमाईने बोलतो. तिलाही कुणीतरी वरून यादी दिलेली असते.

आखाजी आली. बहीण माहेरी आली, दारात झोका बांधला, बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकलेला आणि मी सावलीत कॅलेंडर घेऊन हिशोबाला बसलो. जुना नंबर : होळीला दिवसाला दहा-अकरा नको असलेले फोन, आता दोन-तीन. नवा नंबर : लोन-कार्डाचे जवळपास शून्य, पण घोडा आणि वसुली मिळून दिवसाला तीन-चार. बरोबरीत सुटले म्हणा. फरक इतकाच की जुन्या नंबरावर उरलेल्या फोनांमध्ये माझा धंदाही येतो, नव्यावर दुसऱ्याचा.

तेव्हा नव्या नंबराला मी पाचपैकी दीड तारा देतो, त्यातला अर्धा घोड्याचा. ज्यांचा नंबर चार नातेवाईक आणि एक बँक एवढ्यातच आहे, नव्याने नोकरीला लागलेली मुलं वगैरे, त्यांना कदाचित तीन पडतील. एखादा माणूस मुद्दाम त्रास देत असेल, विशेषतः बाईमाणसाला, तर बदलायलाच पाहिजे, तिथे तारे मोजू नयेत. १९०९ ला साडेतीन. अर्धा मी कापला कारण मेसेज इंग्रजीत करायचा असतो, आणि नानांसारख्या माणसाला ते मीच करून द्यावं लागतं.

जुना नंबर ठेवला. नवाही ठेवलाय, वर्षभराचा कॉलचा पॅक टाकून. तो आता आमचा कुपन नंबर. कपड्याच्या दुकानात बिल करताना नंबर मागितला की तो. तसा मे २०२३ मध्येच ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलंय की नंबरासाठी अडून बसू नका, पण लग्नाच्या बस्त्याला वीस माणसं मागे उभी असताना वाद कोण घालणार?

अजून एक कारण आहे तो ठेवण्यामागे. आखाजीच्या तिसऱ्या दिवशी नव्या नंबरावर फोन आला. माणूस आधी काही बोलेना. मग हळूच, "हा नंबर आता कोणाकडे आहे?"

मी म्हटलं, चोपडा, मोटार रिवायंडिंग. तुम्ही?

तो घोडेवाला होता. आपलाच जुना नंबर लावून पाहत होता. शिरपूरकडचा. फोनांनी जीव नको केला म्हणून पावसाळ्यानंतर त्याने नंबर बदलून टाकला होता. हप्तेवाले थांबले, खरंच थांबले, म्हणाला. पण लग्नसराई निम्मी गेली आणि घोडा दाराशी उभा राहून चारा खातोय. पंधरा वर्षं बँडवाल्यांच्या, मांडववाल्यांच्या डायरीत जो नंबर होता तो हाच.

"कुणी विचारलं का हो घोड्याचं?"

मी कॅलेंडर उलटं केलं. पोरीने गंमत म्हणून सगळी लिहून ठेवली होती, गावं आणि तारखा. चुंचाळ्याचं लग्न होऊन गेलेलं. पुढची चार वाचून दाखवली. तो पलीकडे लिहून घेत होता, मधेच "थांबा थांबा" म्हणायचा.

"आणि ते पण करतात का फोन?" त्याने विचारलं.

"करतात."

"त्यांना माझा नवा नंबर नका देऊ."

म्हटलं, माझ्याकडेच कुठे आहे, अॅपवर तर दुसऱ्याच कुणाचं नाव दिसतंय. सांगा, लिहून घेतो, म्हणजे ऑर्डर आली की लगेच कळवेन. तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "राहू द्या भाऊ. दर शुक्रवारी मीच लावत जाईन."

आज शुक्रवार आहे. वेल्याची एक आहे आणि मामलद्याची एक, पांढराच पाहिजे म्हणालेत.